रेजिना सिस्टरच्या घरचं बाळंतपण

रेजिना सिस्टर गेल्याचा मेसेज फुजैराच्या आमच्या जुन्या मराठी ग्रुपवर आला, तेव्हा त्याखाली जोडलेल्या हातांची रांग लागली. कुणी गुलाब टाकला, कुणी मेणबत्ती. एका गृहस्थांनी लिहिलं, ‘अत्यंत मृदुभाषी आणि हसतमुख व्यक्तिमत्त्व. भावपूर्ण श्रद्धांजली.’ मी ते पुन्हा वाचलं. हे गृहस्थ फुजैरात इतकी वर्षं राहून एकदाही आजारी पडले नसावेत, याची मला तिथल्या तिथे खात्री पटली.

सिस्टर मृदुभाषी नव्हत्या. त्या बाळंतिणींच्या वॉर्डात होत्या आणि तिथे मृदू बोललेलं कुणाला ऐकू जात नाही, असं त्यांचं म्हणणं होतं. हसतमुख तर त्या फोटोतसुद्धा नव्हत्या. ग्रुपवर जो फोटो फिरत होता, त्यातही त्या फोटो काढणाऱ्यावरच ओरडत होत्या. बहुतेक तो खुर्चीवर चढला होता.

माझी त्यांची पहिली भेट झाली ती फुजैरात, एका ओळखीच्यांच्या घरी गणपतीला. माझे यजमान तिथल्या तेलाच्या टर्मिनलवर नुकते रुजू झाले होते. फुजैरा दुबईच्या मानाने गावच. मागे उघडे डोंगर, समोर समुद्र, आणि समुद्रात तेल भरून घ्यायला ताटकळत उभी असलेली जहाजं. मराठी माणसं मोजकी, त्यामुळे गणपतीला वसईची कॅथलिक मंडळीही हक्काने यायची आणि आरती आमच्यापेक्षा सुरात म्हणायची. मला तेव्हा दिवस गेले होते. कुणीतरी ओळख करून दिली, “या आपल्या हॉस्पिटलच्या रेजिना सिस्टर.” मी नमस्काराला हात जोडले. सिस्टरनी माझ्या चेहऱ्याकडे पाहिलंच नाही. माझा कोपर धरून हात उलटा केला, दिव्याखाली नेला आणि म्हणाल्या, “छान शीर आहे. सुई पहिल्याच झटक्यात लागेल.”

पुढे कळलं, ही त्यांच्याकडून मिळणारी सर्वांत मोठी पावती होती. लग्नात नवरीला आशीर्वाद देतानाही त्यांची नजर दंडाकडे जायची. माणसांची नावं त्या विसरत, चेहऱ्यांत गोंधळ करत. पण कुणाची शीर सापडायला त्रास झाला होता, ते त्यांच्या बरोबर लक्षात राही. “ती नाशिकची गो,” त्या म्हणायच्या, “जिची डाव्या हाताची पळते, ती.”

ठेंगणा, भरीव बांधा, घट्ट अंबाडा, पायात पांढरे कॅनव्हासचे बूट. घरीदारी, चर्चमध्ये, लग्नात, सगळीकडे तेच बूट. सगळं गाव त्यांना सिस्टर म्हणायचं. त्यात त्यांचे यजमान सबेस्तियनही आले. ते टर्मिनलच्या स्टोअरमध्ये होते, अगदी शांत माणूस. तेसुद्धा चारचौघांत विचारायचे, “सिस्टर, निघू या का?” नव्याने आलेल्या माणसाचा त्यावर जो गोंधळ व्हायचा, तो दूर करायचे कष्ट दोघांपैकी कुणीच घेत नसे.

माझ्या बाळंतपणाला माझी आई येणार होती, पण तिचा व्हिसा वेळेवर आला नाही. त्यामुळे कळा सुरू झाल्यावर मी जे “आई गं” म्हणून ओरडले, त्यात दुखण्यापेक्षा तक्रार जास्त होती. सिस्टर पायाशी उभ्या होत्या.

“आईला काय बोलावतेस? ती इथे नाही. मी आहे. मला सांग.”

मी पुन्हा ओरडले.

“आणि ओरडायचंच असेल तर इंग्लिशमध्ये ओरड. डॉक्टर इजिप्तचे आहेत. त्यांना तरी कळू दे काय ते.”

पुढची कळ मी मुकाट्याने काढली, कारण ‘आई गं’ला इंग्रजीत काय म्हणतात, ते मला आठवेना. शेजारच्या पडद्यामागे एक अरब बाई होती. तिला सिस्टर “यल्ला हबीबती, यल्ला” म्हणजे ‘चल गं लाडके, चल’ म्हणत होत्या, त्यातही लाडीगोडी नव्हती. बस सुटायच्या बेतात असल्यासारखा सूर होता. पण गंमत अशी, की त्या खोलीतून बाहेर गेल्या की आम्ही दोघी अनोळखी बायका एकदमच घाबरायचो.

दुसऱ्या दिवशी मुलाला माझ्या छातीशी ठेवून त्यांनी मला बजावलं, “लांब ठेवायचं नाही हां बाळाला. पहिलं वर्ष तर अजिबात नाही. त्याला तुझा वास कळला पाहिजे.”

“तुम्हाला किती मुलं, सिस्टर?”

“एक मुलगी. लीना. वसईला असते, माझ्या बहिणीकडे. पुढच्या वर्षी आणणार आहे.”

“तुम्ही आलात तेव्हा केवढी होती?”

“रांगत होती,” सिस्टर म्हणाल्या आणि माझ्या पलंगाची चादर नीट करू लागल्या. चादर नीटच होती.

लीना तेव्हा शाळेत जायला लागली होती. सिस्टर आल्या त्या करारावर. नर्सेसच्या क्वार्टरमध्ये मुलांना परवानगी नव्हती. बहीण सिसिल बिनलग्नाची, गावातल्या घरी एकटी. तिच्याकडे वर्षभरासाठी म्हणून मुलीला ठेवलं. मग सबेस्तियन आले, फ्लॅट मिळाला, पण तोवर लीना बालवाडीत रमली होती. मग वर्षाच्या मध्ये शाळा कशी बदलायची हा प्रश्न आला. मग दोघांच्या ड्युट्या, घरी कोण बघणार हा आला. पुढचं वर्ष दर वर्षी पुढेच राहिलं. सिस्टर मात्र ते वाक्य इतक्या ठामपणे म्हणायच्या, की आम्हाला खरं वाटायचं. त्यांनाही वाटत असावं.

नियमांच्या बाबतीत त्या भयंकर होत्या. एकदा सबेस्तियनना मूतखड्यासाठी त्याच हॉस्पिटलात ठेवलं होतं. सिस्टर आपली ड्युटी संपवून पुरुषांच्या वॉर्डाशी पोचल्या, तेव्हा भेटीची वेळ नुकतीच संपली होती. तिथली नर्स म्हणाली, “अहो सिस्टर, या ना आत, तुम्हाला कोण अडवतंय?” सिस्टर गेल्या नाहीत. दाराच्या काचेतून त्यांनी नवऱ्याला हात केला, खुणेनेच ‘पाणी पी’ म्हणून दरडावलं आणि बाहेरच्या बाकावर बसून डबा खाल्ला. तो डबा त्यांनी सबेस्तियनसाठीच आणला होता. मी नंतर म्हटलं, “एवढं काय सिस्टर, दोन मिनिटं तर.” त्या म्हणाल्या, “नियम कुणासाठी असतात, बाय? आपल्याच माणसांसाठी असतात. परका काय, तो ऐकतोच.”

वसईहून सिसिलमावशी उन्हात वाळवलेल्या केळ्यांची सुकेळी पाठवायची. ती सिस्टर आमच्या घरी आणून देत आणि देतानाच सांगत, “जास्त खाऊ नका. शुगर वाढेल.” माझ्या मुलाने आयुष्यातला पहिला शब्द उच्चारला, तेव्हा त्या समोर होत्या. मी आनंदाने वेडी झाले. त्या म्हणाल्या, “घसा जरा लाल वाटतोय.”

लीनाला मी आधी ओळखत होते ती फोनवरच्या आवाजाने. दर शुक्रवारी, म्हणजे तिथल्या सुट्टीच्या दिवशी, चर्चहून आल्यावर सिस्टर वसईला फोन लावायच्या. मी कितीदा तरी त्यांच्या स्वयंपाकघरात बसून तो ऐकला आहे. “ताप? खोकला? पोट साफ? दूध पितेस? बरं. मावशीला दे.” वॉर्डात ड्युटी बदलताना एक नर्स दुसरीला देते तसा तो अहवाल असायचा. पुढे व्हिडिओ कॉल आले, तेव्हा लीना कॉलेजात होती. सिस्टरनी नेहमीप्रमाणे सुरुवात केली. पडद्यावरची सावळी, देखणी मुलगी जरा वेळ ऐकत राहिली, मग म्हणाली, “मम्मी, मी पेशंट नाहीये.” आणि मागे वळून हाक मारली, “आई, मम्मीचा फोन आहे गं!” तिच्या तोंडी ‘आई’ म्हणजे सिसिल होती. मम्मी म्हणजे दुबईवाली; वसईला सगळं आखात दुबईच. सिस्टरनी फोन ठेवला आणि मला म्हणाल्या, “रंग जरा फिका वाटतोय ना तिचा? हिमोग्लोबिन बघायला पाहिजे.”

सबेस्तियन मध्येच हार्टने गेले. सिस्टरनी वसईला नेऊन सगळं यथासांग केलं आणि परत येऊन ड्युटीवर हजर झाल्या. लोकांना ते विचित्र वाटलं. वॉर्डातल्या बायकांना नसावं वाटलं; त्यांची मुलं काही थांबणार नव्हती.

तोवर आम्ही दुबईला आलो होतो, अल बर्शाला. मॉल जवळ, मेट्रो जवळ, शाळेची बस दारात, असं नोकरदारांचं सुख. सिस्टर फुजैरातच राहिल्या, आणि निवृत्त होऊन कायमचं वसईला जायचं त्यांनी ठरवलं. मुलीजवळ राहायचं. सामानाची खोकी बांधून झाली होती. नेमकी तेव्हाच लीनाला दुबईत नोकरी लागली. तिचं ग्लेनशी लग्न झालं होतं, तो आधीच जबल अलीला एका वेअरहाऊसमध्ये शिफ्ट सुपरवायझर होता. ज्या मुलीला परवानगीअभावी वसईत ठेवलं, तिच्याच व्हिसावर आता सिस्टर दुबईत राहणार होत्या. कागद लीनाने भराभर केले. मिठी वगैरे मारली नाही. त्यांनी घर घेतलं ते आमच्याच बिल्डिंगमध्ये.

मायलेकी एका घरात फार सभ्यपणे राहायच्या. “मम्मी, प्लीज मीठ देतेस?” “थँक यू, मम्मी.” “मम्मी, सॉरी, तुझ्या खोलीतून चार्जर घेऊ?” आणि मग लीना फोनवर वसईला सिसिलमावशीशी बोलायला लागली की अर्धा मजला ऐकायचा. “तू परत मीठ जास्त खाल्लंस ना? खोटं बोलू नको! शेजारच्या काकूंना फोन लावू काय?” ती भांडत असताना सिस्टर डाळ निवडत बसायच्या. भांडण आपल्या माणसाशी होतं. त्यांच्या वाट्याला थँक यू येत होतं.

लीनाला दिवस गेले, तेव्हा सिस्टरनी तयारी सुरू केली. आयुष्यभर दुसऱ्यांची बाळंतपणं केली, आता घरचं होतं. त्यांनी बाळाची दुपटी शिवली, लीनाचं मीठ मोजलं, तिचे पाय दाबून सूज पाहिली. एका दुपारी त्या माझ्याकडे आल्या आणि खुर्चीत ताठ बसल्या.

“सिसिल येतेय. व्हिजिटवर.”

“अरे वा! कशासाठी?”

“लीनाच्या डिलिव्हरीला. लीनाने बोलावलंय. लेबर रूममध्ये एकालाच सोडतात ना. तिला आई पाहिजे.”

“पण तुम्ही आहात की इथे. तुमच्याइतकं कुणाला...”

“पेशंटचा चॉइस असतो, बाय. कन्सेंट म्हणतात त्याला.” त्या माझ्याकडे न बघता म्हणाल्या. “मी स्वतः किती सासवांना, किती आयांना वॉर्डातून बाहेर काढलंय. रडल्या तरी काढलंय. आता माझी पाळी. बरोबर आहे तिचं.”

चहा न घेताच त्या उठल्या. सिसिलची खोली करायची होती, म्हणजे स्वतःची रिकामी करायची होती. त्या हॉलमधल्या सोफ्यावर झोपायला लागल्या.

सिसिलमावशी आल्या. बारीक, भित्र्या, अतिशय गोड बाई. त्यांना कुणी मृदुभाषी म्हटलं असतं तर मी हरकत घेतली नसती. विमानात त्या पहिल्यांदाच बसल्या होत्या. मेट्रोला ड्रायव्हर नसतो हे कळल्यावर गळ्यातला क्रूस मुठीत धरून त्यांनी अख्खा प्रवास केला. मॉलमधल्या सरकत्या जिन्यापाशी त्या थबकल्या की सिस्टर मागून ओरडत, “पाय टाक! बघत काय बसलीस? तो थांबणार नाहीये तुझ्यासाठी!” डिंक, अळीव, सुकेळी, असं सगळं त्यांनी पेटीत भरून आणलं होतं. लीना त्यांच्या मांडीवर डोकं ठेवून तासन् तास पडायची. सिस्टर तेवढ्या वेळात बाळंतिणीच्या खोलीचे पडदे धुऊन काढायच्या.

कळा सुरू झाल्या त्या सकाळी, ऑफिसला जायच्या वेळेला. ग्लेन जबल अलीला पहिल्या शिफ्टला गेला होता आणि शेख झायेद रोड तुंबलेला होता. म्हणून मीच गाडी काढली. मागे लीना आणि सिसिल, पुढे माझ्या शेजारी सिस्टर. सिस्टर आरशातून लेकीकडे बघत होत्या, ओठ हलत होते. मला वाटलं प्रार्थना करताहेत. कान देऊन ऐकलं तर कळांमधलं अंतर मोजत होत्या.

हॉस्पिटलात लीनाला आत घेतलं. एक तरुण मल्याळी नर्स बाहेर आली. “साथ में कौन आएगा?” सिसिलमावशी पुढे झाल्या. लीनाने त्यांचा हात धरला होताच. दार बंद झालं. सिस्टर बाहेरच्या बाकावर बसल्या, मांडीवर पर्स, पर्सवर दोन्ही हात.

नर्स परत एकदा कशासाठी तरी बाहेर आली, तेव्हा तिची नजर त्यांच्या बुटांवर गेली. “आंटी, आप नर्स थी क्या?”

“थी नहीं,” सिस्टर म्हणाल्या, “हूँ.”

“तो अंदर का कुछ पूछना है?”

“नहीं. तुम अपना काम करो.”

मग आतून तो आवाज आला. “आई गं!” लीना अशी ओरडेल असं मला वाटलं नव्हतं. सिस्टर उठून उभ्या राहिल्या. तो आवाज त्यांनी आयुष्यभर ऐकला होता आणि प्रत्येक वेळी त्या त्याच्या दिशेने चालत गेल्या होत्या. आत्ता दोन पावलं टाकून त्या थांबल्या, दाराकडे पाहिलं आणि परत येऊन बसल्या. मी त्यांच्या हातावर हात ठेवला. त्यांनी तो सभ्यपणे बाजूला केला.

बराच वेळ गेला. अचानक दार उघडलं आणि नर्सच्या आधाराने सिसिलमावशी बाहेर आल्या. चेहरा पांढराफटक. “रेजिना, मला... तिथे रक्त...” एवढं म्हणेपर्यंत त्यांचे डोळे फिरले. त्या खाली पडायच्या आत सिस्टरनी त्यांना झेललं. मी नुसती उभीच होते. सिस्टरनी बहिणीला जमिनीवर आडवं केलं, स्वतःची पर्स तिच्या पायांखाली सारली, गळ्याशी पदर सैल केला आणि गालांवर थापट्या मारायला लागल्या. “सिसिल! ए सिसिल! डोळे उघड! सकाळी काही खाल्लं होतंस का? नाही ना? मला माहीत होतं!”

सिसिलने डोळे उघडले. आम्ही तिघींनी मिळून तिला बाकावर निजवलं. तेव्हा ती मल्याळी नर्स सिस्टरना म्हणाली, “आंटी, अब आप आ जाओ. पेशंट अकेली है. थोडा ही टाइम बाकी है.”

मला वाटलं, देवाने शेवटी बरोबर माणूस आत पाठवायची सोय केली. सिस्टर मात्र जागच्या हलल्या नाहीत.

“पेशंटला विचार,” त्या म्हणाल्या. आणि मुलीला मराठी कळत नाही हे लक्षात येऊन, “पेशंट से पूछो पहले.”

नर्स आत गेली. सिस्टर दाराकडे बघत उभ्या होत्या. मी त्यांना कितीतरी वर्षं ओळखत होते, पण तो चेहरा मी कधी पाहिला नव्हता. तो चेहरा त्यांनी इतकी वर्षं बाहेर थांबलेल्या बायकांचा पाहिला असेल.

नर्स आली. जरा ओशाळली होती. “पेशंट बोलती है, मम्मी बाहर ही रुको. आई को अकेला मत छोडो. बोलती है, आई के पास मम्मी चाहिए, और कोई नहीं.”

सिस्टर त्या पोरीला, जी त्यांच्या नातीच्या नाही तरी मुलीच्या वयाची होती, वॉर्डच्या इनचार्जला म्हणावं तसं म्हणाल्या, “यस, सिस्टर.” बाकावर बसल्या. सिसिलचं डोकं मांडीवर घेतलं.

“रेजिना, मी बरी आहे गं आता,” सिसिलमावशी पुटपुटल्या. “तू जा. मी सांगते तिला.”

“पडून राहा. चक्कर आलेल्या माणसाने हुकूम सोडायचे नसतात.”

“तुला जायचंय.”

“मला काय. मी खूप बघितलीत.”

“हिचं नाही बघितलंस.”

सिस्टर बहिणीच्या कपाळावरून हात फिरवत राहिल्या. थोड्या वेळाने आतून रडण्याचा आवाज आला, बारीक, चिडलेला. सिसिलने उठायचा प्रयत्न केला. सिस्टरनी तिला दाबून धरलं आणि मान तिरपी करून ऐकलं.

“फुप्फुसं चांगली आहेत,” त्या म्हणाल्या. हात कपाळावरून फिरतच होता. खरं तर सिसिल केव्हाची सावरली होती.

मग धावत ग्लेन आला, तो आत गेला. मग सिसिलमावशींना चाकांच्या खुर्चीवरून आत नेलं. सिस्टर बहिणीसाठी ज्यूस आणायला खाली गेल्या होत्या, म्हणून मीही डोकावून आले. अशा रीतीने आपल्या नातीला सर्वांत शेवटी पाहिलं ते रेजिना सिस्टरनी. आत गेल्या गेल्या त्यांनी बाळ उचललं, गुंडाळलेलं कापड सोडलं आणि म्हणाल्या, “हे कुणी बांधलंय? पार्सल आहे काय?” आणि स्वतःच्या पद्धतीने गुंडाळायला लागल्या. लीना उशीवर डोकं टेकून, घामाने निथळत हसली. “मम्मी, ओरडू नको ना गं.”

मी दारातच होते. प्लीज नव्हतं, ते मी ऐकलं. सिस्टरनीही ऐकलं असावं, कारण त्यांनी तो कोपरा पुन्हा पुन्हा दुमडला.

सिसिलमावशींचा व्हिसा संपला, त्या रडत वसईला गेल्या. लीनाची रजाही संपली. बाळाचं नाव एमा ठेवलं होतं. लीनाच्या ऑफिसातल्या मैत्रिणींनी तिला हॉलमध्ये कॅमेरा लावायचा सल्ला दिला. ऑफिसातून फोनवर बाळ दिसत राहतं. लीनाने संकोचत विचारलं, “मम्मी, तुला राग नाही ना येणार?” सिस्टर म्हणाल्या, “राग कसला? वॉर्डात पण असतात.” आणि दुसऱ्या दिवसापासून त्यांनी त्या कॅमेऱ्याचा ताबा घेतला. बाळाला अंघोळ घालून आणलं की कॅमेऱ्यासमोर धरायच्या. झोपवलं की वर बघून म्हणायच्या, “लीना, झोपली ती. आता तू जेवून घे.” कॅमेऱ्यातून आवाज जात नाही, असं ग्लेनने त्यांना किती वेळा सांगितलं. त्या म्हणाल्या, “ओठ दिसतात ना?”

लीना मला नंतर एकदा म्हणाली, “आंटी, कॅमेरा मी बेबीसाठी लावला होता. पण मी मम्मीलाच बघत बसायचे. ती बेबीला मांडीवर घेऊन काहीतरी बोलत असायची, बोलतच असायची. मी ते आवाजाशिवाय बघायचे. मला वाटायचं, मी रांगत होते तेव्हा ही माझ्याशी असंच बोलत असेल का?” मी म्हटलं, विचार ना तिला. लीनाने मान हलवली. “विचारलं. म्हणाली, तू फार रडायचीस, बोलायला चान्सच नव्हता.”

आजूबाजूची आमची मुलं मराठीत विचारलेल्याला इंग्रजीत उत्तर देतात. एमा मात्र वसईच्या बोलीत भांडायची. नर्सरीतल्या टीचरने लीनाला बोलावून काळजीने विचारलं, की दुसरं कुणी मूल रडायला लागलं की एमा त्याच्यासमोर उभी राहून “शास घे, शास घे” म्हणते, हे काय आहे? लीनाने अर्थ सांगितला, श्वास घे. टीचर म्हणाली, किती प्रेमळ. लीना म्हणाली, “नाही मॅडम, ती दरडावते.”

मागच्या हिवाळ्यात सिसिलमावशींचं मोतीबिंदूचं ऑपरेशन ठरलं. सिस्टर बहिणीची शुश्रूषा करायला वसईला गेल्या; महिनाभरात येते म्हणाल्या. डोळ्याला पट्टी बांधलेल्या सिसिलला औषध घालून, दोन्ही वेळचं जेवण रांधून, त्या दुपारी आरामखुर्चीत टेकल्या आणि छातीत दुखायला लागलं. दवाखान्यात न्यायलाही सवड मिळाली नाही. पट्टी बांधलेली सिसिल त्यांचा हात धरून बसली होती. लीना मिळेल त्या विमानाने गेली, पण पोचली ती दफनालाच. परत आली तेव्हा माझ्या घरी येऊन बसली, आणि इतक्या दिवसांत पहिल्यांदा भडाभडा रडली. “आईला सांभाळायला गेली होती हो, आंटी. आणि आईच्या हातात गेली. तिला कुणीच सांभाळलं नाही. तिने कुणाला सांभाळूच दिलं नाही.” मग डोळे पुसून रागाने म्हणाली, “इथे असती तर मी भांडले असते तिच्याशी.”

मी सिस्टरना शेवटचं पाहिलं ते त्या वसईला जायच्या आदल्या आठवड्यात. एमाच्या नर्सरीत फॅन्सी ड्रेस होता, मोठेपणी कोण होणार असा विषय. लीनाने कौतुकाने छोटासा नर्सचा ड्रेस मागवला होता, टोपीसकट. एमाने तो घालायला साफ नकार दिला. ती मोठेपणी शार्क होणार होती. खूप रडारड झाली. शेवटी सिस्टर म्हणाल्या, “होऊ दे शार्क. नर्सला फार उभं राहावं लागतं,” आणि राखाडी चादर कापून त्यांनी एका सकाळीत शार्क शिवला. शेपूट जरा लांब झालं.

मी गॅलरीत कपडे वाळत घालत होते. खाली रस्ता ओलांडायचा होता. पुढे शार्क, मागे सिस्टर, धुळीला लागू नये म्हणून शेपूट दोन्ही हातांनी उचलून धरलेलं. कोपऱ्यावरून एक भलीमोठी पांढरी गाडी वळली. सिस्टरनी शेपूट एका हातात घेतलं आणि दुसऱ्या हाताचा पंजा गाडीसमोर उभा केला. गाडी थांबली. शार्कही थांबला, रस्त्याच्या मधोमध, आणि ड्रायव्हरकडे बघून त्याने जबडा उघडला.

“यल्ला, चल,” सिस्टर ओरडल्या. चौथ्या मजल्यावर मला स्पष्ट ऐकू आलं. “चावायचं ते आत गेल्यावर!”

ड्रायव्हर हसत होता. त्या त्याच्याकडे न बघता, शेपूट नीट सावरून धरत, शार्कच्या मागोमाग नर्सरीच्या फाटकातून आत गेल्या.